अक्का, ते भांडण मिटलेलं नाही

अक्का, तुम्ही गेलात म्हणून तुमचं म्हणणं बरोबर ठरत नाही.

हे आधीच सांगून टाकते. तुमची माती झाल्यापासून घरात येणारा प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल गोडच बोलतोय, आणि मला ते ऐकवत नाही. जगदेवी म्हणजे देवमाणूस. जगदेवीनं कधी कुणाला उलटून शब्द दिला नाही. कुणाला न्हाय दिला? मी तुमची धाकटी जाऊ. लग्न होऊन या घरात आले त्या आठवड्यापासून तुमच्याशी भांडत आले. तुम्ही उलटून बोलला नाहीत असा एक दिवस मला आठवत नाही. आणि ज्या गोष्टीवरून आपण सगळ्यात जास्त भांडलो, ती अजून तशीच पडलीय. डेटाबेस बंद पडला तर लोकांना आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं? तुम्ही म्हणायचात, घ्यायचं. मी म्हणायची, न्हाय. आणि तुम्ही भांडण अर्धवट टाकून उठून गेलात. ही काय रीत झाली?

तुमच्या आजाराबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. त्यानं तुमचे शेवटचे महिने घेतले तेवढे पुरे. हा कागद त्याला मिळणार नाही.

उमरग्याच्या बसस्टँडजवळ, औषधाच्या दुकानावरची ती खोली. मामंजींच्या वेळी तिथून गावभर केबल टीव्ही जायचा. पुढं भावजींनी आणि आमच्या ह्यांनी त्याच खांबांवरून इंटरनेटची तार ओढली. तुम्ही बसवकल्याणच्या. घरात कानडी, आणि सोलापुरातून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेल्या. मी तामलवाडीची, बीसीए झालेली. लग्नाची हळद उतरली नव्हती तेव्हा तुम्ही सासूबाईंना सांगितलंत, "सकाळच्या भाकरी मी थापते, संध्याकाळच्या ही थापंल. मधल्या वेळात ही माझ्यासंगं ऑफिसात."

सासूबाई म्हणाल्या, "नव्या नवरीला बाजारात बसवतीस व्हय?"

"बाजारात न्हाय आत्या. खुर्चीत बसवते."

त्या खुर्चीचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज दाखवते. माझ्या बरोबरीच्या मुलींच्या डिग्र्या ट्रंकेत पडून पिवळ्या झाल्या. माझी कामाला आली, ती तुमच्यामुळं.

भावजींनी आपल्याला परवानगी दिली ती वेगळ्याच हिशेबानं. तक्रारीच्या फोनवर बाईचा आवाज असला की गिऱ्हाईक शिव्या देत नाही, असं त्यांना वाटायचं. पहिल्याच दिवशी कळलं, देतात. फरक एवढाच की तुम्ही त्या शांतपणे ऐकून घ्यायचात आणि शेवटी विचारायचात, "झालं का? आता सांगा, राऊटरवरचा लाल दिवा नुसता जळतोय का उघडझाप करतोय?" समोरचा माणूस गुमान दिवा बघायला जायचा.

आपलं काम मला पहिल्यांदा तुम्हीच समजावून सांगितलं होतं. वाचणाऱ्यांसाठी तुमच्याच शब्दांत लिहिते. घरोघरच्या राऊटरमध्ये एक नाव आणि एक पासवर्ड घातलेला असतो. राऊटर चालू झाला की तो ते आपल्याकडं पाठवतो. आपल्याकडं रेडियस नावाचा सर्व्हर असतो, तो दारवान. पण या दारवानाला स्वतःला कुणाचीच ओळख नसते. तो प्रत्येक वेळी आत जाऊन डेटाबेसला विचारतो, हा आपला का? डेटाबेस व्हय म्हणाला की नेट चालू. कोण कधी आत आला, कधी गेला, त्या वेळी त्याला इंटरनेटवरचा कुठला पत्ता दिला होता, हेही त्याच डेटाबेसात लिहिलं जातं. "म्हंजे तंगी," तुम्ही म्हणालात, "गावाला वाटतं नेट तारेत हाय. नेट तारेत न्हाय. दारवानाच्या आन् डेटाबेसच्या बोलण्यात हाय. ते दोघं बोलायचे थांबले की सगळं गाव बंद."

कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. या घरात मला सुवर्णा म्हणून हाक मारणारे सगळे होते. तंगी म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच.

डेअरीवाल्या काकांची गोष्ट आठवते? रोज सकाळी दूध घालायला लोक रांगेत उभे असायचे आणि काकांचं लॉगिन व्हायचं नाही. थोड्या वेळानं आपोआप व्हायचं. काका म्हणायचे, "तुमचं नेट रोज सकाळी आळस देतंय बघा." तुमचं ठाम मत, त्यांचा राऊटर खराब. बदलला. पुन्हा तेच. पुन्हा बदलला. मी म्हटलं, अक्का, राऊटर नाही, आपल्याकडंच काहीतरी आहे. रात्री कुणी लॉगिन करत नाही, डेटाबेसशी जोडलेल्या लाइनी रिकाम्या पडून राहतात. रिकामी लाइन डेटाबेस आपणहून तोडत असणार, आणि दारवानाला ते कळत नसणार. सकाळी पहिला माणूस आला की तो मेलेल्या लाइनीवर हाका मारत बसतो.

"असणार, नसणार," तुम्ही म्हणालात. "अंदाज बेडा. दाखव."

बेडा म्हणजे नको. हा शब्द मी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलाय की आता कानडी वाटत नाही. मग मी डेटाबेसची वाट बघायची मुदत अगदी छोटी केली, दोघी चहा पिऊन आलो, आणि तुमच्यादेखत लॉगिन करून दाखवलं. नकार. लगेच पुन्हा केलं. झालं. तुम्ही स्क्रीनकडं बघत राहिलात. मग दारवानाला नवा नियम घातलात: लाइन वापरायच्या आधी जिवंत हाय का बघ, आणि डेटाबेस तोडायच्या आत आपणच जुनी लाइन सोडून नवी घे. त्यानंतर फोन उचललात. "काका, चूक आमची होती. तुमचे दोन्ही राऊटर शहाणे होते."

त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता. चूक कबूल करताना तुमचा आवाज जरासुद्धा खाली गेला नव्हता. म्हणूनच पुढचं मला सहन झालं नाही.

ती उन्हाळ्यातली दुपार. सकाळपासून गावात लाइट नव्हती. आपलं ऑफिस बॅटरीवर, त्यामुळं आपला सर्व्हर चालू, पण घरोघरचे राऊटर बंद. दुपारी लाइट आली आणि सगळ्या गावाचे राऊटर एकाच दमात उठले. सगळ्यांनी एकदम दार ठोठावलं. तुम्ही नेहमी म्हणायचात, लाइट आली की आपल्याकडं अंधार पडतो. पण त्या दिवशी जे झालं तसं आधी कधी झालं नव्हतं. दारवान धावत आत जातोय, पण डेटाबेसकडं जायच्या जेवढ्या लाइनी होत्या त्या सगळ्या अडकलेल्या. येण्याजाण्याच्या जुन्या नोंदींचा एवढा ढीग साचला होता की प्रत्येक लाइन त्या ढिगातच गुंतून पडायची. दारवानाला उत्तर मिळेना. राऊटर थोडा वेळ वाट बघून पुन्हा विचारायचा. त्यामुळं गर्दी आणखी वाढायची. सर्व्हर चालू, डेटाबेस चालू, तारा ठीक, आणि गाव बंद.

काय करायचं ते मला कळलं होतं. सगळ्यांना थांबवायचं आणि एकेक भाग आत घ्यायचा. आधी बाजारपेठ, मग मुळज रोड, मग खेडी. मी तेच करत होते. हळूहळू होत होतं. तेवढ्यात हायवेजवळच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. मोटरसायकलवरून पडलेला एक माणूस, डोक्याला मार, सीटी स्कॅन काढलेला. तो स्कॅन सोलापूरच्या डॉक्टरांना पाठवायचा होता. आत रक्तस्राव आहे की नाही, इथंच ठेवायचा की लगेच हलवायचा, हे त्यांनी बघून सांगायचं होतं. स्कॅन जात नव्हता. त्यांच्या मोबाइलवरही तेव्हा बोलण्यापुरतीच रेंज होती.

"दवाखान्याचा भाग आधी घेते," मी म्हटलं.

शेजारच्या कीबोर्डवर तुमची बोटं चालत होती. मी बघितलं तोवर झालं होतं. तुम्ही दारवानाला सांगून टाकलं होतंत, डेटाबेस उत्तर देत नसंल तर नाव विचारू नको, येईल त्याला आत घे.

स्क्रीनवर ओळी पळायला लागल्या. फोन वाजायचे थांबले. सगळं गाव आत आलं, आपलं, परकं, कोण, कुठला, काही न विचारता. दवाखान्यातून निरोप आला, स्कॅन गेला.

"अक्का, नोंद?" मी ओरडले. "नोंद होईना कुठंच! कोण आत आलंय कसं कळणार?"

"नोंद मागून बघू. आधी माणूस."

"मी घेतच होते दवाखान्याला!"

"तू घेत होतीस. त्याच्याकडं तेवढा येळ होता का न्हाय, मला म्हाईत नव्हतं. तुला म्हाईत होतं का?"

मग तुम्ही नोंदींचा ढीग साफ करायला घेतलात. ते होईपर्यंत, दिवस मावळेपर्यंत, दार उघडंच राहिलं. त्या माणसाला सोलापूरला हलवलं आणि तो वाचला. थंडीत तो पिशवी भरून हुरडा घेऊन आला होता. कुणाला द्यायचा हे त्याला ठाऊक नव्हतं, दवाखान्यानं आपलं ऑफिस दाखवलं म्हणून आला. तुम्ही माझ्यापुढं हुरडा ठेवून नुसत्या बघत राहिलात. मी खाल्ला. चांगला होता. पण तुमचं बरोबर होतं, असं म्हटलं नाही.

कारण तोपर्यंत पोलिसांचा फोन येऊन गेला होता.

त्या मुलीचं नाव मी इथं लिहिणार नाही. गावातल्या कॉलेजात शिकणारी, वर्गात पुढं असणारी मुलगी. कुणीतरी तिच्या नावानं खोटं खातं उघडलं आणि तिचा चेहरा लावून नको तसले फोटो टाकले. ते खातं आपल्या लाइनीवरून उघडलेलं होतं, आणि त्याच दुपारी. कुठल्या घरातून, एवढंच पोलिसांना आपल्याकडून हवं होतं. एरवी मी त्यांना उभ्याउभ्या सांगितलं असतं. पण त्या दुपारी कुठल्या घराला कुठला पत्ता दिला होता, याची एक ओळसुद्धा आपल्याकडं नव्हती. दार उघडं होतं.

साहेबांसमोर खुर्चीत बसून मी "नोंद नाही" म्हणाले, तेव्हा ती मुलगी आईच्या मागं उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिच्या वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं. करणारा सापडला, पण फार उशिरा, दुसऱ्याच वाटेनं, एका फोन नंबरावरून. त्यांच्याच गल्लीतला होता. रोज तिच्या दारावरून जात होता. आपल्याकडून जे त्याच दिवशी कळलं असतं, ते न कळल्यापायी त्या पोरीचं वर्ष गेलं.

मी ऑफिसात येऊन तुम्हाला विचारलं, "अक्का, आता?"

"घाण त्यानं केली. दोष त्याचा."

"दोष त्याचाच. पण कुणाचा, हे सांगता येण्याइतकं तरी ठेवायचं होतं ना आपण!"

"आन् तो माणूस मेला असता तर? तवा तू काय सांगितलं असतंस? नोंद एकदम बरोबर हाय म्हणून?"

आपण दोघी उभ्या होतो. खाली औषधाच्या दुकानात लोक वर बघायला लागले इतक्या जोरात. शेवटी तुम्ही म्हणालात, "साकु." पुरे. आणि बसलात. डेअरीवाल्या काकांना फोन करणारी बाई मला त्या दिवशी दिसली नाही. चुकलं, हा एक शब्द मला तुमच्याकडून ऐकायचा होता. तुम्ही तो शेवटपर्यंत म्हणाला नाहीत.

पण त्या मुलीच्या आईबरोबर तुम्ही धाराशिवला जात राहिलात. एसटीनं. दर तारखेला, दर चौकशीला. ती बाई एकटी ऑफिसांतून बावरायची, म्हणून तुम्ही तिच्या शेजारी बाकावर बसायचात आणि टेबलामागचा माणूस "उद्या या" म्हणाला की "उद्या कशाला, आम्ही इथंच बसतो" म्हणायचात. पुढच्या वर्षी मुलीला पुन्हा कॉलेजात घालायला तिचा बाप तयार होईना, तेव्हा त्याच्या दारात जाऊन तुम्ही काय बोललात ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. मुलगी कॉलेजात गेली. हसत नाही पूर्वीसारखी, पण जाते.

अक्का, हे तुम्ही का केलंत? चुकलं होतं म्हणून, की चुकलं नव्हतं तरी करायलाच हवं होतं म्हणून? मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाही. आणि त्या माणसाच्या डोक्याचा स्कॅन माझ्या पद्धतीनं वेळेत गेला असता का, हे तुम्ही मला पुन्हा विचारलं नाहीत. उत्तर मला आजही माहीत नाही. म्हणून तर राग जात नाही.

तुम्हाला सोलापूरच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी दुपारच्या गाडीनं यायची. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायची. तुम्हाला खाता यायचं नाही, तरी डबा उघडायला लावायचात आणि तुमच्यासमोर मला खायला लावायचात. त्या शेवटच्या नीट बोलण्याच्या दिवशी मी खाता खाता म्हटलं, "अक्का, मला एक सुचलंय. डेटाबेसातल्या नावांची एक प्रत दारवानाजवळच ठेवायची. डेटाबेस बोलेना झाला की त्यानं प्रतीत बघायचं. आपल्यातलाच असेल तर आत. आणि नोंद डेटाबेसात होत नसेल तर तिथंच फाइलमध्ये लिहायची, डेटाबेस उठला की सावकाश आत भरायची."

तुमचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली.

"प्रत शिळी होणार," तुम्ही म्हणालात.

"रोज नवी करू."

"आज दुपारी नवं कनेक्शन जोडलंस. प्रत सकाळची. लाइट गेली, डेटाबेस पडला. तो माणूस बाहेर. आन् नेमका तोच दवाखाना असला तर?"

मी हातातला तुकडा डब्यात ठेवला. नर्स सलाईन बदलून गेली. तुम्ही डोळे उघडलेत, आणि त्या नळ्यांमधून, खरं सांगते अक्का, जिंकल्यासारख्या हसलात.

"पुढच्या टायमाला उत्तर घिऊन ये तंगी. रिकामी येऊ नको."

पुढच्या वेळी मी आले तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं. उत्तर तेव्हाही नव्हतं माझ्याकडं.

तुम्हाला लिंगायत रीतीनं बसवून, कपाळाला विभूती लावून नेलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी घरात बैठक बसली. एका मोठ्या कंपनीचा माणूस भेटायला आला होता. आधी दुःख व्यक्त केलं, चहा घेतला, मग म्हणाला की आपलं जाळं त्यांची कंपनी घ्यायला तयार आहे. लॉगिनची सगळी व्यवस्था पुण्यातून होईल, इथं सर्व्हरची कटकट राहणार नाही. तुमचे भाऊ मान हलवत होते. भावजी जमिनीकडं बघत म्हणाले, "आता बघणार तरी कोण? ती होती म्हणून चाललं."

मी दारात उभी होते. डोक्यावर पदर होता. या घरात मोठ्या माणसांच्या बैठकीत मी कधी बोलले नव्हते, कारण बोलायला तुम्ही होतात.

"मी बघते," मी म्हटलं.

कुणीतरी म्हणालं, "अगं, हे काय भाकरी बघण्यासारखं हाय का?"

"भाकरीपण मीच बघते. दोन्ही येतंय मला."

कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "वहिनी, तुमच्या सिस्टीमचं आम्हाला माहीत आहे. लाइट आली की तुमचं बंद पडतं."

मला तुमचा इतका राग आला त्या क्षणी. या माणसाला उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात. मग कळलं, राग तुमचा नव्हताच. "पुढच्या आठवड्यात या," मी म्हटलं. "दुपारी. ऑफिसात. मी स्वतः बंद पाडून दाखवते."

आमचे हे पहिल्यांदाच बोलले. "दादा, ती म्हणती तर आठवडा थांबू."

अक्का, त्या आठवड्यात मी रडले नाही. वेळ नव्हता. प्रतीचं काम आधी केलं. रोज नवी करायची ही माझी कल्पना टाकून दिली. आता गिऱ्हाइकाचं नाव डेटाबेसात चढलं, बदललं किंवा निघालं की त्याच दमात प्रतीतही बदलतं. नोंदींसाठी फाइल केली. डेटाबेस जागा असो नसो, आधी नोंद फाइलीत पडते आणि मग तिथून सावकाश आत जाते. त्यामुळं लाइट आल्यावरची गर्दी नोंदींच्या ढिगात अडकत नाही. पण तरी तुमचा तो माणूस राहिलाच. प्रतीत काही कारणानं नसलेला. नाव चुकलेला. अनोळखी. त्याचं काय?

त्याच्यावर मी कितीतरी वेळा अडले. आणि मग तुमच्यावर चिडूनच मला सुचलं. माणूस अनोळखी असला तरी तार अनोळखी नसते. तो कुठल्या खांबावरच्या, कुठल्या पेटीतल्या, कुठल्या टोकातून आलाय, हे आपल्या यंत्राला माहीतच असतं. मग त्याला आत घ्यावं, पण कुठल्या टोकातून आला ते लिहून घ्यावं. थोड्या वेळापुरतंच, डेटाबेस उठेपर्यंत. दार उघडं, पण पाऊल कुणाचं पडलं ते कळेल असं.

म्हणजे अर्धं तुमचं झालं, हे मान्य. पण अर्धंच. उरलेलं माझं आहे आणि ते नसतं तर तुमचं अर्धं मी घेतलं नसतं.

ठरल्या दुपारी सगळे वर आले. भावजी, आमचे हे, कंपनीचा माणूस. तुमच्या खुर्चीवर कुणी बसेना, म्हणून मी बसले. भर दुपारी, गाव कामात असताना, मी डेटाबेस बंद केला. भावजी म्हणाले, "अगं, खरंच केला का?" मी म्हटलं, खरंच. मग ह्यांना खूण केली. गावच्या सगळ्या तारा ज्यात येतात त्या कोपऱ्यातल्या मुख्य यंत्राचं बटण त्यांनी बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. सगळ्या गावाचं लॉगिन तुटलं, आणि सगळं गाव एकदम दारावर आलं.

स्क्रीनवर ओळी सुटल्या. पहिल्या काही नाकारल्या गेल्या. टाइप करताना मी प्रतीच्या फाइलीचं नाव एका अक्षरानं चुकवलं होतं. दारवान ती फाइल शोधत होता. ते अक्षर दुरुस्त केलं. पुन्हा चालू केलं. मग ओळी पळायला लागल्या. आत. आत. आत. प्रत्येकीची नोंद बाजूच्या फाइलीत पडत होती. मधेच एक अनोळखी आलं. तेही आत गेलं, आणि समोर उमटलं, जकेकूर रस्त्याचा खांब, तिसरी पेटी, शेवटचं टोक.

तक्रारीचा एकही फोन वाजला नाही. आम्ही सगळे फोनकडं बघत होतो. एक फोन आला तो कुणाच्या तरी लग्नाचं बोलावणं द्यायला. मग मी डेटाबेस चालू केला. फाइलीतल्या नोंदी एकेक करून आत शिरल्या, एकही हरवली नाही.

कंपनीचा माणूस म्हणाला, "पण वहिनी, गिऱ्हाइकं वाढली तर..."

"वाढू द्या," मी म्हटलं. "तवाचं तवा बघू. आम्हाला द्यायचं न्हाय."

तो भावजींकडं बघायला लागला. भावजी स्क्रीनकडं बघत होते. मग त्याला म्हणाले, "ऐकलं न्हाय का? ती म्हणली ना, द्यायचं न्हाय."

तो गेला. भावजी मागं थांबले. "तिला आवडलं असतं," ते म्हणाले.

"न्हाय आवडलं असतं," मी म्हटलं. "अक्कांनी त्या टोकाच्या नोंदीत खोट काढली असती."

ते हसले आणि हसता हसता तोंडावर रुमाल धरून बसले. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी चहा सांगायला खाली गेले.

चार दिवसांनी ते तुमचा फोटो घेऊन आले. मोठा, चौकटीत बसवलेला, चंदनाचा हार घातलेला. सोबत खिळा आणि हातोडी. सर्व्हरच्या वरच्या भिंतीवर लावायचा म्हणाले, म्हणजे तिचा आशीर्वाद राहील. फोटोत तुम्ही खाली मान घालून, लाजल्यासारख्या हसताय. कुणाच्या लग्नातला आहे कोण जाणे. तुम्ही कधी अशा हसलात?

"इथं नको भावजी," मी म्हटलं.

त्यांना वाईट वाटलं. "का?"

कसं सांगायचं ते मला कळेना. हार घातलेल्या फोटोपुढं माणूस हात जोडतो. हात जोडले की भांडता येत नाही. रोज सकाळी येऊन मी तुमच्यापुढं उदबत्ती लावणार, आणि मग हळूहळू मलाही वाटायला लागणार की अक्का म्हणायच्या तेच बरोबर. त्या मुलीचं वर्ष गेलं ते विसरायला होणार. तुम्ही धाराशिवच्या बाकावर बसून राहिलात तेही विसरायला होणार. मग उरणार ती फोटोतली लाजणारी बाई, जिनं कधी कुणाला उलटून शब्द दिला नाही.

"घरी लावा," मी म्हटलं. "देवघराशेजारी. तिथं मी रोज पाया पडंन. पण इथं न्हाय."

भावजींनी फोटो परत नेला. आता तिथं भिंत रिकामी आहे. पाया पडायला घर आहे, अक्का. ऑफिसात तुमची-माझी भांडणं आहेत, आणि ती मी मिटू देणार नाही.